क्रेनवरचं कुंकू

आमच्या घरात गंजाला मज्जाव होता. रहाटणीतल्या आमच्या घराचं फाटक, खिडक्यांचे गज, गोठ्याच्या दाराची कडी, शिवणयंत्राचं पायडल, इतकंच काय पण परसातल्या नळाचा पाइपसुद्धा दरवर्षी दसऱ्याआधी रंगवला जायचा. आमचे वडील, अण्णा, पिंपरीतल्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंटशॉपला होते. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी रंग मारायचं काम केलं, मग त्यांना तपासणीवर घेतलं. ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात, रंगवून आलेल्या पत्र्यावरून सुती हातमोजा घातलेला तळवा फिरवायचा आणि कुठे दाणा राहिलाय, कुठे ओघळ आलाय, ते खडूने खूण करून दाखवायचं, हे त्यांचं काम. कंपनी सुटली तरी तळव्याची ही सवय काही सुटायची नाही. जेवायला बसले की रिकाम्या ताटावरून तळवा फिरे. नव्या वासराच्या पाठीवरून फिरे. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तो होणाऱ्या जावयाच्या स्कूटरवरून फिरवला, मडगार्डपाशी थांबले आणि नुसतं 'हं' म्हणाले. आमच्या ह्यांना ते 'हं' अजून आठवतं.

घराच्या मागे आमची पेरूची बाग होती आणि बागेपलीकडे थेट नदीपर्यंत दुसऱ्यांच्या बागा. आज तिथे उंच इमारतींची एक सोसायटी आहे आणि तिच्या नावात 'ऑर्चर्ड' हा शब्द आहे. बाग म्हणून तेवढंच उरलंय. तेव्हा पहाटे कंपनीचा भोंगा वाजायच्या आधी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. वारा नदीकडून असला तर त्यात चिंचवडच्या मालधक्क्यावरचा आवाजही मिसळायचा: मालगाडीचे डबे एकामागून एक धडकत जायचे आणि शेवटचा डबा धडकला की सगळं गप्प. अण्णा पहिल्या शिफ्टला निघायचे. डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, थंडीत कधी हुलग्याचं शेंगोळं. संध्याकाळी ते परत आले की थिनरचा वास त्यांच्या आधी ओसरीवर पोचायचा. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच वडलांना असा वास येतो.

आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करत असताना पिंपरीतल्या एका रद्दीवाल्याकडे मला परदेशी मासिकांचा एक गठ्ठा मिळाला. माझं इंग्रजी बेताचंच. मी चित्रं बघायचे. एका पानावर साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या असलेल्या मालगाडीचा फोटो होता. पत्रे गंजलेले, खाली ऑइलचे डाग, रुळांमधून गवत वर आलेलं. मला तो खऱ्या गाडीचा फोटो वाटला. मग कोपऱ्यात एका माणसाचा अंगठा दिसला, तो वॅगनच्या दाराहून मोठा होता. मी पान डोळ्यांशी धरून कितीतरी वेळ बसले. एवढं बारीक काम माणूस करू शकतो याचं मला नवल वाटलंच, पण त्याहून जास्त याचं, की कुणीतरी मुद्दाम खपून गंज तयार केलाय. आमच्या घरात जो दिसला की लगेच खरवडला जातो, तो तिकडे लोक जीव ओतून रंगवतात. मला हसू आलं आणि मग मीही त्या नादाला लागले. ते खूळ अजून गेलेलं नाही.

करायचा तो आपला चिंचवडचा मालधक्का, हे ठरलेलंच होतं. खरा एक फूट म्हणजे माझ्याकडे सात मिलिमीटर, हे माप धरलं. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून वॅगन कापल्या, मोडक्या छत्रीच्या काड्यांचे दांडे केले. धक्क्यावर एक हातक्रेन होती, लोखंडी खांबावर फिरणारी, तिचा खांब त्याच पत्र्याचा केला, बाकीसाठी सायकलचे स्पोक आणि शिवणयंत्रातली एक जुनी चकती लागली. पत्र्याचं काम मला जमत गेलं. गंज जमेना. मी तपकिरी रंग फासायचे आणि वॅगन चॉकलेटची दिसायची. मासिकात लिहिलेलं अर्धं कळायचं, पण एवढं कळलं की ही माणसं आधी खऱ्या वस्तू बघतात. मग मीही बघायला लागले. विहिरीच्या कप्पीपाशी, गोठ्याच्या पत्र्यापाशी, डांबराच्या रिकाम्या पिंपापाशी जाऊन बसायचे. गंज सगळीकडे सारखा नसतोच. बोल्टपाशी पाणी थांबतं, म्हणून तिथून तो खाली ओघळत येतो. जुना गंज काळपट, कालपरवाचा शेंदरी. जिथे रोज माणसाचा हात लागतो तिथे तो धरतच नाही. मग गेरू, विटेची पूड, कंदिलाची काजळी, वाळवलेली चहापत्ती असं काय काय वस्त्रगाळ करून पावडरच्या डब्यांतून भरलं. एका डब्यात तर खराच गंज होता, कप्पीवरून खरवडलेला. बघायला सोपं जावं म्हणून खिडकीत गंजलेल्या वस्तूही मांडून ठेवायचे. त्यातली एक बिजागरी मी सबंध पावसाळाभर उघड्यावर ठेवून तिचा रंग पालटताना पाहिला होता. ती आईने भंगारवाल्याला देऊन त्याच्याकडून चहाची गाळणी घेतली. मी चिडले, तर ती म्हणाली की एवढं जड वाटत असेल तर गाळणीकडे बघत बस.

अण्णांना मात्र हे सगळं बोचत होतं. ते रागवायचे नाहीत. ओसरीच्या टोकाला मालधक्क्याचा माझा प्लायवूडचा पाट मांडलेला असायचा, तिथे येऊन उभे राहायचे आणि हात पाठीमागे बांधायचे. तळवा फिरवावा असं तिथे काही नव्हतंच. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "नवं करता येत न्हाई म्हणून जुनं करती का ग तू, नंदे?" मी म्हटलं की जुनं करणंच अवघड आहे. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. कंपनीतले लोक घरी यायचे तेव्हा ते माझ्या पाटावर हळूच टॉवेल टाकायचे. पेंटशॉपवाल्याच्या घरात गंज, हे त्यांना लाजिरवाणं वाटायचं, आणि त्याहून म्हणजे, आपल्या पोरीला चांगलं करता येत नाही असं लोकांना वाटेल याची त्यांना धास्ती होती. हे दुसरं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

कोर्स संपला आणि नोकरीचा प्रश्न आला. भोसरीत वर्तकबाईंचं एक वर्कशॉप होतं. कारखाने उभारणाऱ्यांना तिथे सगळ्या प्लँटची टेबलावर मावेल अशी छोटी प्रतिकृती करून मिळायची. त्यांना एका मोठ्या कामासाठी रेल्वे साइडिंग करणारा माणूस हवा होता. आयटीआयतल्या सरांनी माझं नाव सांगितलं. बाईंनी निरोप पाठवला की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरी येऊन काम बघेन, आवडलं तर घेईन. इकडे अण्णांनी कामगारांच्या पतसंस्थेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथली खुर्ची पक्की होती, पंखा होता, घरापासून चालत जाता येत होतं. त्यांनी सरळ सांगितलं की बाईंनी हो म्हटलं तर भोसरीला जा, मी अडवणार नाही. नाही म्हटलं तर दिवाळीनंतर मुकाट्याने पतसंस्थेत बसायचं. हा सौदा वाजवी होता. पतसंस्थेच्या काउंटरमागे पासबुकांवर शिक्के मारणाऱ्या मुली मी पाहिल्या होत्या. त्यांच्यात वाईट काही नव्हतं. पण मला ते आयुष्य नको होतं, अगदी मनापासून नको होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात हा सण देवळापेक्षा कारखान्यातच मोठा. एरवी ओळखपत्राशिवाय आत न सोडणारी कंपनी त्या दिवशी घरच्यांना फाटक उघडून द्यायची. मशिनं धुऊन, पुसून, रंगवून ठेवलेली, त्यांना झेंडूच्या माळा, जमिनीवर रांगोळ्या. नव्या साड्या नेसलेल्या बायका पोरांची बोटं धरून प्रेसमशिनच्या मधून फिरायच्या. अण्णा आम्हाला पेंटशॉपमध्ये न्यायचे आणि आपली जागा दाखवायचे, दरवर्षी तीच. त्या वर्षीही गेलो, पेढे घेतले, परत आलो. घरीही पूजा असायचीच. अण्णा नोकरीला लागल्यापासून भिंतीला टेकून उभा असलेला नांगर बाहेर यायचा, त्याच्या फाळाला चंदेरी रंग लागायचा. कोयता, विळे, शिवणयंत्र, सायकल, सगळं घासूनपुसून ओसरीवर मांडलं जायचं. दुपारी आई आणि मी काळेवाडीला मावशीकडे गेलो. दिवेलागणीला परत आलो तर ओसरीवर पूजा मांडून झाली होती, उदबत्ती जळत होती, आणि नांगर आणि शिवणयंत्र यांच्या मधोमध, पाटाखाली रांगोळी काढून, माझा मालधक्का ठेवला होता.

वॅगन लालबुंद चकाकत होत्या. अण्णांनी त्या रॉकेलने धुतल्या होत्या, बारीक पॉलिशपेपरने घासल्या होत्या आणि कंपनीतल्या मित्राची स्प्रेगन आणून रंगवल्या होत्या. क्रेन चंदेरी, तिचा कलता हात पिवळा. कुठे ओघळ नाही, कुठे दाणा नाही. गंजाचा मागमूस नव्हता. प्रत्येक वॅगनवर हळदीकुंकवाची बोटं होती आणि क्रेनच्या हुकात झेंडूची एक पाकळी अडकवली होती. अण्णा भिंतीशी बसले होते, पोराने पहिला नंबर आणल्यावर बाप बसतो तसे. "आता बघू दे बाईला," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. इतका, की तो पाट उचलून अंगणात भिरकावावा असं वाटलं. सबंध पावसाळाभराचं काम रॉकेलच्या एका बोळ्यात गेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे पतसंस्थेतला तो पंखा फिरायला लागला. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सणाच्या दिवशी घरातलं लोखंड गंजकं ठेवणारा बाप आमच्याकडे आळशी ठरतो. त्यांनी नांगराला केलं, सायकलीला केलं, तेच माझ्या कामाला केलं होतं. उलट पहिल्यांदाच त्यांनी माझं काम हत्यारांच्या रांगेत बसवलं होतं. हे मी आज एवढं समजुतीने लिहितेय. त्या संध्याकाळी मी पुढे होऊन वॅगन उचलायला हात घातला, तेव्हा आईने माझं मनगट धरलं. तिला सगळं एका नजरेत कळलं होतं. "पूजेतलं हाय," ती हळू म्हणाली. "उद्या पूजा उतरंस्तोवर हात लावायचा न्हाई."

हा नियम मोडणं आमच्या घरात कुणाला सुचलंही नसतं. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचा नैवेद्य होईपर्यंत वापरायचं नाही. विळा नाही, सायकल नाही आणि माझ्या वॅगनही नाहीत. दसऱ्याच्या सकाळी आई पुरण वाटत होती, वेलदोड्याचा वास घरभर होता, आणि मी ओसरीवर बसून माझ्या चकचकीत मालधक्क्याकडे बघत होते. शेवटी ते बघवेना. सायकल पूजेत होती, म्हणून चालत निघाले आणि नदी ओलांडून खऱ्या मालधक्क्यावर गेले. काही करता येत नसेल तर निदान बघावं, एवढाच विचार होता.

धक्का ओस पडला होता. एका रुळावर कुठूनतरी आलेल्या वॅगन उभ्या होत्या, नेहमीसारख्या गंजलेल्या, त्यांना कुणी हातही लावला नव्हता. पण क्रेन चंदेरी झाली होती. हमालांनी आदल्या दिवशी तिला रंग मारला होता. गंज न खरवडता, गंजावरूनच, मोठ्या ब्रशचे फराटे ओढून. खांबावर कुंकवाची पाच बोटं, हुकाला झेंडूची माळ, सुकायला लागलेली. जवळ गेले तर माळेच्या दोऱ्याखाली आणखी एक दोरा दिसला, ग्रीसने काळा पडलेला, मागच्या वर्षीचा. त्याखाली आणखी एक. मी नखाने पोपडा काढून पाहिला. चंदेरी, खाली गंज, त्याखाली पुन्हा चंदेरी, पुन्हा गंज, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. ह्या क्रेनची मी कितीतरी चित्रं काढली होती. एकातही ते दोरे नव्हते, चंदेरी पोपडे नव्हते, कुंकवाचा जुना डाग नव्हता. मासिकातल्या क्रेनवर ते नसतात, म्हणून मी गाळले होते. घरचा नांगर तर जन्मापासून डोळ्यांसमोर होता आणि त्याच्या फाळावर हेच थर होते. मी तिथे धक्क्याच्या कडेवर बसले आणि मला हलकं हलकं वाटायला लागलं. वॅगन परमुलखातल्या. आज इथे, उद्या कुठे, त्यांना कोण कुंकू लावणार? क्रेन मात्र धक्क्याची. तिची दरवर्षी पूजा व्हायची.

दुपारी नैवेद्य झाला, आईने पूजा उतरवली आणि मी कामाला बसले. पुरणपोळीवर तूप घालून घेतलं, पण खाल्लं काय ते आठवत नाही. वॅगनवरचा लाल रंग थिनरने पुसून काढला आणि पावडरचे डबे उघडले. हात सरावलेला होता, त्यामुळे आधीच्यापेक्षा लवकर जमलं. क्रेनवरचा अण्णांचा रंग मी राहू दिला. फक्त त्याच्या कडा थोड्या उडवल्या आणि तिथे पावडर लावली, खालून गंज डोकावतोय असं वाटेल इतपत. कुंकू पुसलं नाही, बोटाने थोडं फिकं केलं, उन्हात वर्षभर राहिल्यावर होईल तसं. हुकातली पाकळी काढली आणि तिथे शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे बांधले, एक स्वच्छ, दोन ग्रीस लावून काळे केलेले. अण्णा आपट्याची पानं घेऊन शेजारीपाजारी सोनं द्यायला गेले होते. परत येऊन ते पाटापाशी उभे राहिले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"वॅगनचा रंग काढलास," ते म्हणाले.

"व्हय अण्णा."

"अन् क्रेनचा?"

"क्रेनचा न्हाई. धक्क्यावर हमालांनी बी काल त्यांची रंगवली. हिचा तुमी दिलेलाच ऱ्हाईल."

त्यांनी बाहेरच्या नळावर जाऊन पाय धुतले. मला मात्र त्यांना दुखावल्याचं वाईट वाटत होतं आणि वॅगन परत मिळाल्याचा आनंदही होत होता, दोन्ही एकदमच.

वर्तकबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. उंच, केस आखूड कापलेल्या, बोलायला रोखठोक. आईने दिलेला चहा त्यांनी बाजूला ठेवला तो थंड झाला. वॅगन त्यांनी एकेक करून उचलून पाहिल्या, उलट्या करून चाकंही पाहिली, आणि परत ठेवल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. अशा वॅगन करणारे त्यांनी पाहिले असणार. मग त्या क्रेनपाशी वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं, संपलं.

"हे कुंकू कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अण्णा दारातून म्हणाले, "म्या लावलं. खंडेनवमीचं. पुसायचं असंल तर पुसतो." आणि खरंच ते खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे आले.

"पुसू नका," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गंज काय, पुस्तकात बघून कुणालाही शिकवता येतो. हा धक्का कुठला आहे ते मात्र मला न विचारता कळलं. दिवाळीनंतर भोसरीला या." चहा थंडच पिऊन त्या गेल्या. त्या गेल्यावर अण्णा पाटापाशी आले आणि आपल्याच कुंकवाकडे जरा संशयानेच बघत राहिले. पतसंस्थेत दिलेला शब्द मागे घ्यायला ते त्याच संध्याकाळी गेले.

भोसरीत मी आयुष्य काढलं. बॉयलर, चिमण्या, कन्व्हेअर, पुढे चाकणला कारखाने आले तेव्हा त्यांच्या लांबच लांब शेड, सगळं टेबलावर मावेल इतकं लहान केलं. आता मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघून गंज करायला शिकतात. एअरब्रश असतो, तयार पावडरी मिळतात, आणि काम माझ्यापेक्षा सफाईदार असतं. कुणी दाखवायला आलं की मी विचारते, ही वस्तू उभी कुठे आहे आणि तिला पुसतं कोण? बहुतेकांना ते माहीत नसतं. मग त्यांना खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या वर्कशॉपात नुसतं फिरून यायला सांगते.

वॅगन वर्कशॉपात कुणाकुणाकडे गेल्या. क्रेन घरीच राहिली. अण्णा होते तोवर दर खंडेनवमीला ती पूजेला बसायची आणि ते तिला नवं बोट लावायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. त्यांना नीट दिसत नव्हतं, हात थरथरायचा. पूजा मांडताना मी क्रेन पाहिली तर खांबाच्या बुडाशी चंदेरी रंग फुगून फुटला होता आणि आतून गंज आला होता. मी काजळी-गेरूने केलेला नव्हे, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा खरा गंज. ते नाराज होतील म्हणून मी आधीच रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढून ठेवला. क्रेन त्यांच्या मांडीवर दिली आणि म्हटलं, "अण्णा, बुडाशी गंज धरलाय. टचअप करायचा का?"

त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला. वरून खाली, अगदी सावकाश, ट्यूबलाइटखाली फिरवायचे तसा. बुडाशी येऊन बोट थांबलं. त्यांनी ते वर धरलं. टोकाला शेंदरी भुकटी लागली होती. डोळ्यांशी नेऊन त्यांनी ती पाहिली. मी ब्रश पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बरं दिसतंय."

मग तेच बोट त्यांनी कुंकवाच्या करंड्यात बुडवलं आणि क्रेनला लावलं.